हार्ट फेल्युअरचे नवे उपचार : डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर घरच्यांनी काय समजून घ्यावे

"अब्बांचं पंपिंग तीस टक्के आहे म्हणे." आपल्या नात्यात, मोहल्ल्यात हे वाक्य हल्ली वरचेवर कानावर पडते. ऐकणारा लगेच हिशेब करतो, शंभरातले सत्तर गेले, आता तीसच उरले. घरात रडारड सुरू होते. काही जण तर उपचारावर पैसा घालवून काय उपयोग, इथपर्यंत पोहोचतात.

हा हिशेबच मुळात चुकीचा आहे, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत या आजाराच्या उपचारात जे बदलले ते आपल्या घरांपर्यंत नीट पोहोचलेले नाही. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. पण घरातल्या एका आजारपणामुळे या विषयावर बरेच वाचावे लागले, डॉक्टरांना बरेच प्रश्न विचारावे लागले. ते सगळे सोप्या भाषेत इथे एकत्र देत आहे. कोणती गोळी, किती आणि कधी, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

हार्ट फेल्युअर म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे "हार्ट फेल झाला" म्हणजे माणूस गेला, असा अर्थ घेतात. वैद्यकीय भाषेत हार्ट फेल्युअरचा अर्थ वेगळा आहे. हृदय चालू असते, पण शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी झालेली असते, किंवा ते कडक झाल्यामुळे त्यात रक्त नीट भरत नाही. मग पाणी मागे तुंबते. फुप्फुसात तुंबले की धाप लागते, पायात तुंबले की सूज येते.

हार्ट अटॅक ही वेगळी गोष्ट आहे. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी बंद पडते आणि स्नायूचा काही भाग मरतो. असा अटॅक येऊन गेल्यावर उरलेल्या हृदयावर ताण पडतो आणि पुढे हार्ट फेल्युअर होऊ शकते. वर्षानुवर्षे वाढलेले बीपी, मधुमेह, झडपांचे आजार, लहानपणी सांधेतापामुळे खराब झालेली झडप, दारू, काही विषाणू, काही वेळा बाळंतपण हीसुद्धा कारणे आहेत.

आता त्या तीस टक्क्यांबद्दल. टू-डी इकोच्या रिपोर्टवर "ईएफ" म्हणून जो आकडा असतो, तो इजेक्शन फ्रॅक्शनचा. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर पडते, ते त्यावरून कळते. धडधाकट माणसाचाही हा आकडा शंभर नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. म्हणजे तीस हा आकडा कमी आहे, काळजीचा आहे, पण "सत्तर टक्के हृदय गेले" असा त्याचा अर्थ नाही. शिवाय चांगल्या उपचाराने हा आकडा अनेक रुग्णांत वाढतो.

४० किंवा त्याखाली ईएफ असेल तर ते कमी पंपिंगचे हार्ट फेल्युअर. ५० किंवा वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकते, कारण तिथे हृदय कडक झालेले असते. वय झालेल्या, वजन जास्त असलेल्या, बीपी-शुगर असलेल्या बायकांमध्ये हा दुसरा प्रकार बराच दिसतो. "इको नॉर्मल आहे, मग अम्मीला दम का लागतो?" या प्रश्नाचे उत्तर कधीकधी इथे असते.

ही लक्षणे वयाची म्हणून सोडू नका

- थोडे चालले, जिना चढला तरी धाप लागणे
- आडवे झाले की दम लागणे, दोन-तीन उशा घेऊन झोपावे लागणे
- रात्री गुदमरून जाग येणे
- घोट्यावर, पायावर सूज. बोट दाबले तर खड्डा पडणे
- काही दिवसांत वजन झपाट्याने वाढणे
- नमाजच्या वेळी सजद्यातून उठताना पूर्वी नव्हता एवढा थकवा

यातले काही असेल तर इको आणि रक्ताची एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी डॉक्टर सांगू शकतात. हृदयावर ताण आला की हा घटक रक्तात वाढतो.

आपल्या देशाचे आकडे काय सांगतात?

तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेच्या पुढाकाराने देशभरातील ५३ रुग्णालयांत हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही तयार झाली. त्यात १०,८५१ रुग्णांची नोंद झाली आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे सरासरी वय साठच्या आसपास होते. दहापैकी सातांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. ९० दिवसांत सुमारे १४ टक्के रुग्ण दगावले. कमी पंपिंग असलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांनासुद्धा नियमाप्रमाणे पूर्ण औषधे मिळत नव्हती.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा मला शिक्षिका म्हणून फार लागला. सर्वात कमी शिकलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते, सर्वात जास्त शिकलेल्या गटात ते सुमारे १० टक्के. शिक्षणासोबत पैसा, राहणे, खाणे हेही येते, हे खरे. पण डिस्चार्जचा कागद कोण वाचतो, कोणाला समजतो, हाही त्यातला एक भाग नक्कीच आहे.

औषधांचे चार खांब

१९८० च्या दशकापर्यंत या आजारात पाणी कमी करणारी गोळी, डिजॉक्सिन आणि आराम एवढेच मुख्यतः हातात होते. १९८७ मध्ये एनालाप्रिल या गोळीने गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झाले. तिथून चित्र बदलू लागले. आज कमी पंपिंगच्या रुग्णांसाठी चार प्रकारची औषधे एकत्र देण्याची पद्धत आहे. डॉक्टर त्यांना चार खांब म्हणतात.

पहिला खांब, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन. २०१४ मध्ये आठ हजारांहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होणे, हा धोका एनालाप्रिलच्या तुलनेत या गोळीने २० टक्क्यांनी कमी झाला. ही गोळी एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांसोबत कधीच घ्यायची नसते; दोन्हींत किमान ३६ तासांचे अंतर लागते. घरात जुन्या गोळ्यांची पाकिटे पडलेली असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

दुसरा खांब, बीटा ब्लॉकर. कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल ही त्यांची नावे. हृदयाचे ठोके शांत करून त्याला विश्रांती देणारी ही औषधे. सुरुवातीला थोडा थकवा वाटतो, म्हणून बरेच लोक सोडून देतात. अचानक सोडणे धोक्याचे आहे.

तिसरा खांब, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. १९९९ च्या अभ्यासात स्पायरोनोलॅक्टोनने गंभीर रुग्णांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. ही जुनी आणि स्वस्त गोळी आहे. मात्र रक्तातले पोटॅशियम वाढू शकते, त्यामुळे ठरावीक काळाने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावे लागते.

चौथा खांब, डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही मुळात मधुमेहाची औषधे. २०१९ मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचा ४,७४४ रुग्णांवरचा अभ्यास आला. हार्ट फेल्युअर बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू, हा धोका २६ टक्क्यांनी कमी झाला. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, त्या अभ्यासातल्या निम्म्याहून जास्त रुग्णांना मधुमेह नव्हताच. तरीही त्यांना तेवढाच फायदा झाला. पुढे २०२१ आणि २०२२ च्या अभ्यासांत, पंपिंग चांगले असलेल्या हार्ट फेल्युअरमध्येही ही औषधे उपयोगी ठरली. त्या प्रकारासाठी आधी ठोस असे काहीच नव्हते. २०२४ मध्ये फिनेरेनोन या आणखी एका औषधाचा फायदाही या प्रकारात दिसला.

तिन्ही नव्या औषधगटांची जोड जुन्या उपचाराला दिली तर किती फरक पडेल, याचा अंदाज संशोधकांनी २०२० मध्ये काढला. ५५ वर्षांच्या रुग्णाला सरासरी सहा वर्षांहून अधिक आयुष्य मिळू शकते, असे त्यातून दिसले. हा अंदाज आहे, प्रत्येकाची हमी नाही. पण "आता काय उपयोग" म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवे.

फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड या पाण्याच्या गोळ्या या चारांत नाहीत. त्यांनी सूज आणि दम कमी होतो, लगेच बरे वाटते. म्हणूनच गल्लत होते. लोक बरे वाटायला लावणारी गोळी ठेवतात आणि आयुष्य वाढवणाऱ्या चार बंद करतात.

"मला शुगर नाही, मग ही गोळी कशाला?"

आमच्या घरातही हेच घडले. माझे चाचा आठ दिवस दवाखान्यात राहून घरी आले. दम गेला, सूज उतरली. महिन्याभराने गोळ्या संपल्या. नव्या पाकिटांतले एक बघून घरातल्याच कोणीतरी सांगितले, ही तर शुगरची गोळी आहे. चाचांना शुगर नाही. मग ती बंद केली. बीटा ब्लॉकरने सुस्ती येते म्हणून तीही एक दिवसाआड झाली. कोणी डॉक्टरांना विचारले नाही, मीसुद्धा नाही. तीन महिन्यांच्या आत एका पहाटे ते पलंगावर बसून श्वासासाठी धडपडत होते. पुन्हा भरती, पुन्हा आयसीयू. अल्लाहच्या करमाने ते वाचले. आज त्यांच्या गोळ्यांच्या डब्यावर मी स्वतः मराठी आणि उर्दू दोन्हींत लिहिले आहे : "ही शुगरची नाही, हृदयाची आहे."

वर्गात "समजलं का?" विचारले की सगळी मुले हो म्हणतात. समजले की नाही, ते मुलाला परत सांगायला लावल्यावरच कळते. दवाखान्यातही तसेच करा. डॉक्टर किंवा नर्सने सांगितले की, "मी परत सांगते, बरोबर आहे का बघा," असे म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.

घरी आल्यानंतरचे पहिले सहा आठवडे

औषधे कोणती, याइतकेच ती किती लवकर पूर्ण डोसपर्यंत नेतात, हेही महत्त्वाचे आहे. २०२२ मध्ये १४ देशांतील १,०७८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीसारखे उपचार दिले. दुसऱ्या गटात घरी गेल्यावर दोन आठवड्यांत औषधे पूर्ण डोसपर्यंत वाढवली आणि पहिल्या सहा आठवड्यांत वारंवार तपासणी केली. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २३.३ टक्के, दुसऱ्या गटात १५.२ टक्के होते. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवण्यात आला.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. "बरे वाटतेय, पुढच्या महिन्यात जाऊ," असे करू नका. आठवड्याने बोलावले असेल तर आठवड्यानेच जा. बीपी, नाडी, पोटॅशियम, किडनी बघून डॉक्टर डोस वाढवतात. ही वाढ चुकली तर औषध घरात असूनही अर्धाच फायदा मिळतो.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा, १४ तालुक्यांचा. अकोले किंवा जामखेडच्या वाडीवरून दर आठवड्याला नगरला किंवा पुण्याला जाणे सोपे नाही, हे मान्य. पण प्रत्येक वेळी मोठ्या डॉक्टरकडेच जावे लागत नाही. बीपी, वजन, पायाची सूज बघण्याचे काम जवळच्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात होऊ शकते. ते आकडे फोनवर हृदयरोगतज्ज्ञांना कळवता येतील का, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून ठेवा.

गावपातळीवर असे काम होऊ शकते, हे आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशातल्या १४ रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा रुग्ण औषधे जास्त नियमित घेऊ लागले.

घरातली रोजची काळजी

वजनकाटा : रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढले तर ते मांस नाही, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

मीठ : पापड, लोणचे, शेव-फरसाण, बेकरीचे पदार्थ, बाजारातले मसाले यांत मीठ भरपूर असते. दस्तरखानवर वरून मीठ घ्यायची सवय मोडा. "लो सोडियम" मीठ मात्र मनाने सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असते आणि वरच्या औषधांसोबत ते धोक्याचे ठरू शकते.

वेदनाशामक गोळ्या : गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी अंगात पाणी साठते, किडनीवर ताण येतो. दुखत असेल तर डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्या.

उलट्या-जुलाब : अशा वेळी डॅपाग्लिफ्लोझिन, पाण्याची गोळी वगैरे काही दिवस थांबवावे लागते. ते किती दिवस, हे डॉक्टरांकडूनच घ्या, आणि बरे झाल्यावर पुन्हा सुरू करायला विसरू नका.

लोह : हार्ट फेल्युअरच्या अनेक रुग्णांत लोह कमी असते. सलाइनमधून लोह दिल्याने थकवा कमी होतो आणि पुन्हा भरती होण्याचे प्रमाण घटते, असे दिसले आहे. रक्तातले फेरिटिन तपासायचे का, हे विचारा.

दरवर्षी फ्लूची लस आणि तंबाखू पूर्ण बंद, हेही याच यादीत.

रमजान आणि रोजे

हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरात येतो. नव्याने निदान झालेले, नुकतेच भरती होऊन आलेले, दम कायम असलेले किंवा पंपिंग फार कमी असलेले रुग्ण यांनी रोजा ठेवू नये, असेच डॉक्टर सांगतात. प्रकृती बरेच महिने स्थिर असलेले काही रुग्ण डॉक्टरांच्या संमतीने रोजे ठेवू शकतात. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे. ती घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे, हे घरातल्या मोठ्यांनी रुग्णाला समजावून सांगावे. फिदया आणि कजाबद्दल आपल्या आलिमांना विचारा.

रोजे ठेवायचेच असतील तर रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतात. पाण्याच्या गोळीची वेळ आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. दिवसभर पाणी नसताना ही औषधे अंग कोरडे करू शकतात. इफ्तारला भजी, समोसे आणि एकदम तीन-चार ग्लास सरबत, यानेच रात्री दम लागतो. थोडे थोडे प्या. दिवसा चक्कर आली, दम लागला, छातीत दुखले तर रोजा सोडून लगेच दवाखाना गाठा.

गोळ्यांनी भागले नाही तर

काही रुग्णांना खास पेसमेकर बसवून हृदयाचे दोन्ही भाग एका तालात आणता येतात. काहींना अचानक येणारी जीवघेणी लय मोडणारे यंत्र बसवतात. बंद वाहिनी, खराब झडप यांवर अँजिओप्लास्टी, बायपास, झडपेची शस्त्रक्रिया असते. शेवटचा पर्याय हृदय प्रत्यारोपणाचा. १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातला पहिला प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ते यशस्वी केले. आज महाराष्ट्रातही प्रत्यारोपण होते. त्यासाठीची नोंदणी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील समन्वय केंद्रांमार्फत चालते.

खर्चाचे काय?

डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट देशात २०२० मध्ये संपले, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनचे २०२३ च्या सुरुवातीला, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये. त्यानंतर अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमती बऱ्याच खाली आल्या. म्हणून महागडी म्हणून पूर्वी सोडलेली गोळी आज परवडू शकते. डॉक्टरांना स्वस्त पर्याय लिहायला सांगा, जन औषधी केंद्रात चौकशी करा.

भरती होऊन करायच्या उपचारांसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण असून, आता ती सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे. योजनेतल्या रुग्णालयात "आरोग्यमित्र" बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र साधारणपणे घरूनच करावा लागतो, तो धरून चाला. अचानक त्रास झाला तर १०८ ला फोन करा.

डिस्चार्जच्या दिवशी विचारायचे सात प्रश्न

१. ईएफ किती आहे आणि कारण काय?
२. चार खांबांपैकी कोणती औषधे सुरू आहेत? एखादे नसेल तर का नाही?
३. कोणती गोळी कशासाठी, आणि कोणती कधीच बंद करायची नाही?
४. डोस कधी वाढवणार, पुढची तपासणी कोणत्या तारखेला?
५. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन कधी तपासायचे?
६. दिवसाला पाणी किती प्यायचे?
७. वजन वाढले किंवा दम लागला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

उत्तरे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गोळ्यांच्या डब्यातच ठेवा. घरात आठवी-नववीतले मूल असेल तर रोजचे वजन लिहिण्याचे आणि गोळी दिल्याची खूण करण्याचे काम त्याच्याकडे द्या. मुले असे काम मनापासून करतात. चाचांची वही आज माझा भाचा सांभाळतो.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. दुआ करूच, पण दवा एक दिवसही चुकवू नका.